जेलमधल्या माणसाला पत्र कोण लिहिणार?



तुरुंगात जाणे आपल्याला नवीन नाही. रस्ता अडवला, गाडीत कोंबले, नेऊन टाकले. दोन दिवसांनी, आठ दिवसांनी सोडून दिले. 1980 साली कांदा आणि उसाच्या आंदोलनात नाशिक जिल्ह्यातले हजारो शेतकरी असेच तुरुंगात गेले. पुढे विदर्भातल्या कापूसवाल्यांनीही ती वाट पाहिली. सुटून आलो की वेशीवर डफडे, गुलाल, हार. मी स्वतः कापसाच्या आंदोलनात तीन दिवस आत होतो. त्या तीन दिवसांत गावची चाळीस माणसे भेटायला आली. कोणी भाकरी-ठेचा आणला, कोणी तंबाखू, कोणी नुसतेच हात हलवून गेले. बाहेर आलो तेव्हा गळ्यात अकरा हार होते. मी ते मोजले होते. आज ते मोजल्याची लाज वाटते. का वाटते, एवढेच सांगण्यासाठी हा लेख आहे.

त्या तीन दिवसांत माझ्या शेजारी घोंगडी टाकून जो झोपला होता, तो आज पुन्हा आत आहे. या वेळी तीन दिवसांसाठी नाही. त्याला जन्मठेप आहे.

यशोदा नदीच्या काठावर आमचे गाव. त्याचे वावर पाच एकर, कोरडवाहू. 2015 च्या मृगात पेरणीच्या तोंडावर धुऱ्यावरून भांडण झाले. शेजाऱ्याचा वखर हातभर इकडे आला म्हणाला हा. धुराच मुळात तुझ्याकडे सरकलेला आहे म्हणाला तो. दोघांच्याही हातात काही ना काही होतेच, वावरात माणूस रिकाम्या हाताने कधी असतो? एक घाव बसला. शेजारी दवाखान्यात नेईपर्यंत गेला. तोही आपलाच माणूस. त्याच्याही खिशाला आपला बिल्ला होता. हातभर जमिनीत फार तर एक तास कपाशीचे बसते. त्या एका तासापायी एक माणूस जाळला गेला, एक कोंडला गेला आणि दोन घरे उघडी पडली.

निकाल लागला त्या दिवशी आम्ही गावकऱ्यांनी एक काम मोठ्या एकमताने केले. दोन्ही घरांकडे जाणे बंद केले. याच्या घरी गेलो तर त्यांना वाईट वाटेल, त्यांच्या घरी गेलो तर याला वाईट वाटेल, असे सांगत आम्ही कोणाच्याच घरी गेलो नाही. सात वर्षे मी त्याला एक ओळ लिहिली नाही. विचारले असते तर कारणे तयार होती. खून केलेल्या माणसाला काय लिहायचे? पत्र तुरुंगवाले वाचतात, आपले नाव कुठे अडकायचे. आणि वेळ कुठे आहे? खरे कारण एकच. आंदोलनाच्या तुरुंगात आपली मान वर होते आणि धुऱ्याच्या तुरुंगात खाली जाते. आम्हाला मान वर करणारा तुरुंग तेवढा पाहिजे होता.

अंगठा आत, मशीन बाहेर

माझी झोप मोडली ती त्याच्या बायकोमुळे. 2019 च्या डिसेंबरात कर्जमुक्ती जाहीर झाली, पुढच्या वर्षी गावोगाव याद्या लागल्या. यादीत त्याचे नाव होते. पण पैसे मिळायचे तर खातेदाराने स्वतः येऊन आधारचे प्रमाणीकरण करायचे, म्हणजे मशीनवर अंगठा ठेवायचा. सातबारा त्याच्या नावाचा, कर्ज त्याच्या नावाचे, अंगठा त्याचा. अंगठा जेलमध्ये आणि मशीन तालुक्याला. ती बाई एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत फिरली. "खातेदाराला घेऊन या," एवढेच उत्तर. खातेदार कुठे आहे हे सांगितले की समोरचा माणूस तिच्याकडे ज्या नजरेने पाहायचा, त्या नजरेसाठी तिने पुढे सांगणेच सोडून दिले. नवरा कामाला बाहेरगावी आहे म्हणायची. जुने कर्ज थकीत, म्हणून नवीन पीककर्ज नाही, म्हणून सावकार, म्हणून दोन वर्षांनी वावर पडीक. यातली एकही गोष्ट न्यायाधीशाने शिक्षेत लिहिली नव्हती. शिक्षा एकाला झाली, भोगतात चौघे.

ती माझ्याकडे आली तेव्हा पैसे मागायला आली नव्हती. म्हणाली, "भाऊजी, तुमी त्यायले एकडाव भेटून या. मी गेली की ते बोलतच नाही. नुसते पाहत राह्यते."

2022 च्या हिवाळ्यात मी गेलो. नाव आधी नोंदवावे लागते, ओळखपत्र लागते, रांग असते. मध्ये काच, कानाला फोन. मी रस्ताभर जुळवून ठेवले होते की अपिलाचे विचारीन, वकिलाचे विचारीन, तब्येतीचे विचारीन. त्याने मला बोलूच दिले नाही. पहिला प्रश्न, "पांदनीवरची बाभूय हाय काय अजून?" दुसरा, "यंदा माह्या वावरात का पेरलं?"

मला बाभळीचे माहीत नव्हते. वावराचे माहीत होते, पण तोंडातून निघेना. शेवटी खोटे बोललो. तूर आहे म्हणालो. त्याने लगेच विचारले, "कोन्ती?" शेतकऱ्याशी शेतीबद्दल खोटे बोलता येत नाही, भावांनो. मी गप्प झालो. तोही गप्प झाला. मग म्हणाला, "सात वर्सांत मले दोन कागद आले. एक ब्यांकेचा, एक कोर्टाचा. गावाचा एकबी नाही."

घरी येताना मी बसमध्ये हिशेब केला. तीन दिवसांच्या तुरुंगाला चाळीस माणसे आणि अकरा हार. सात वर्षांच्या तुरुंगाला दोन नोटिसा.

ही वर्ध्याची रीत नव्हे

आपला जिल्हा तुरुंग ओळखणारा जिल्हा आहे. 1923 च्या झेंडा सत्याग्रहात वर्ध्याचे जमनालाल बजाज तुरुंगात गेले. 1940 साली पवनारहून निघालेले विनोबा पहिले वैयक्तिक सत्याग्रही झाले. त्याआधी 1932 साली त्याच विनोबांनी धुळ्याच्या तुरुंगात कैद्यांपुढे गीतेवर प्रवचने केली आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली, म्हणून आज घरोघरी वाचता येतात. गांधीजी 1930 साली येरवड्याला होते. आठवड्याला एक प्रवचन पत्रात लिहून आश्रमाला पाठवायचे. माणूस आत असला तरी आश्रमाचा रोजचा गाडा त्या पत्रांवर चालत होता. पत्र म्हणजे नुसती विचारपूस नव्हे. आतला माणूस अजून घरचा कर्ता आहे, याचा तो पुरावा असतो.

आणि आष्टी? 16 ऑगस्ट 1942 ला आष्टीच्या ठाण्यावर लोक चालून गेले, गोळीबार झाला, लोक मेले, पोलीसही मारले गेले. त्याच दिवशी तिकडे चिमूरलाही रक्त सांडले. पुढे खटले चालले आणि फाशीच्या शिक्षा झाल्या. त्या पोरांवरचा आरोप खुनाचाच होता. पण म्हणून लोकांनी त्यांना तोडले नाही. नागपूरच्या अनसूयाबाई काळे यांनी त्यांच्या माना फासातून सोडवण्यासाठी जिवाचे रान केले. चिमूरच्या बायांवर झालेल्या अत्याचारांची चौकशी व्हावी म्हणून सेवाग्रामच्या भन्साळींनी 63 दिवस उपास केला. तुरुंगातल्या माणसामागे बाहेरचा समाज उभा राहिला तर काय होते, हे आपल्याच मातीने दाखवले आहे.

कोणी म्हणेल, ते देशासाठी गेले होते, हा धुऱ्यासाठी गेला. कबूल. दोघांना एका पारड्यात घालायला मी सांगत नाही. एकाचा सत्कार करा, दुसऱ्याचा करू नका. पण सत्कार वेगळा आणि संबंध वेगळा. पोरगा नापास झाला म्हणून आई त्याला जेवायला वाढायचे थांबवते काय?

आत असताना घरचे काही घडले की माणसाचे काय होते, ते टिळकांच्या चरित्रात पाहा. 1908 ते 1914 ते मंडालेला होते. 1912 साली पुण्यात त्यांच्या पत्नी सत्यभामाबाई वारल्या. त्यांना भेट मिळाली नाही. बातमी तेवढी मिळाली. एवढ्या पहाडासारख्या माणसालाही त्या दिवशी काय झाले असेल? मग आपल्या पाच एकरवाल्याला आई गेल्याची बातमी तीन महिन्यांनी, तीही दुसऱ्या कैद्याच्या तोंडून कळावी? आमच्या माणसाच्या बाबतीत हेच झाले. कळवायचे कोणी, यावर गावात चर्चा झाली होती. कळवले कोणी नाही.

कायदा आपल्यापेक्षा उदार आहे

आपण समजतो की कायदाच भेटू देत नाही. तसे नाही. इंग्रजांनी 1894 साली केलेल्या तुरुंग कायद्यातसुद्धा दिवाणी आणि शिक्षा न झालेल्या कैद्यांना भेटीगाठीची सोय द्यावी असे 40 वे कलम होते. सुप्रीम कोर्टाने 1981 साली फ्रान्सिस कोराली मुलीन यांच्या खटल्यात सांगितले की घरच्यांना आणि वकिलाला भेटणे हा कैद्याच्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. त्याआधी 1965 साली आपल्या महाराष्ट्राचाच एक खटला झाला. प्रभाकर संझगिरी मुंबईच्या तुरुंगात स्थानबद्ध होते. अणूविषयी त्यांनी मराठीत पुस्तक लिहिले. सरकारने हस्तलिखित बाहेर पाठवू दिले नाही. सुप्रीम कोर्टाने सरकारला ते पाठवायला लावले. आणि दिल्लीच्या सुनील बत्राने दुसऱ्या एका कैद्याच्या छळाबद्दल तुरुंगातून सुप्रीम कोर्टाच्या न्यायमूर्तींना नुसते पत्र लिहिले, तर कोर्टाने त्या पत्रालाच अर्ज मानले. एका पत्राची ताकद एवढी असते.

आता तर सोयी वाढल्या आहेत. कोरोनात 2020 साली भेटी बंद झाल्या तेव्हा व्हिडिओवरून बोलणे सुरू झाले. 2023 साली येरवड्यात कैद्यांना घरी बोलायला स्मार्ट कार्डाचे फोन आले. भेटीसाठी संगणकावरून नाव नोंदवता येते. कैद्यांच्या लहान मुलांना काचेशिवाय आईबापाच्या कुशीत बसता यावे म्हणून आपल्या राज्यातल्या तुरुंगांत 'गळाभेट' हा कार्यक्रम होतो. 1 मे 2022 ला तर राज्य सहकारी बँकेने येरवड्याच्या कैद्यांसाठी 'जिव्हाळा' नावाची कर्जयोजना काढली. 50,000 रुपयांपर्यंत, 7 टक्के व्याजाने, तारण न घेता. सरकारी तुरुंगाला आणि बँकेला जिव्हाळा सुचला, गावाला नाही सुचला.

आमच्या त्या बाईचे जे अडले होते, त्यातलेही अर्धे सुटण्यासारखे होते. नोंदणी कायदा 1908 चा, कलम 33. मुखत्यारपत्र करून द्यायचे असेल तर कैदेत असलेल्या माणसाने नोंदणी कचेरीत येण्याची गरज नाही. निबंधक स्वतः तुरुंगात जाऊन खात्री करू शकतो किंवा त्यासाठी माणूस नेमू शकतो. मुखत्यारपत्राने मशीनवरचा अंगठा भागत नाही, हे खरे. पण वावराचे बरेचसे व्यवहार बायकोच्या हाती येतात. वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987 च्या कलम 12 प्रमाणे कैदेतल्या माणसाला आणि कोणत्याही बाईला फुकट वकील मिळतो. त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. जिल्हा न्यायालयात त्याची कचेरी असते. हे सगळे त्या बाईला सात वर्षांत कोणी सांगितले नाही. सांगणार कोण? सांगायला आधी तिच्या ओसरीवर जाऊन बसावे लागते.

दुसऱ्या घराचे काय?

आता खरा प्रश्न. हा लेख वाचून जो गेला त्याच्या घरचे काय म्हणतील? मारणाऱ्याला पत्रे, आणि मेलेल्याच्या बायकोला काय?

मला हा प्रश्न लेखातच सोडवून टाकता आला असता. तसे न करता मी तिच्या घरी गेलो. उंबऱ्यावर उभा राहिलो. मी तुरुंगात जाऊन आल्याचे तिला कळले होतेच. गावात असे काही लपत नाही. बराच वेळ ती बोलली नाही. मग म्हणाली, "तुमी त्याले भेटाले जा. मी नाही म्हनत नाही. पन माह्या घरी सात वर्सांत तुमी किती खेपा आले, ते सांगा."

माझ्याकडे उत्तर नव्हते. खेपा शून्य.

म्हणजे आपण एकाला तोडले ते दुसऱ्याच्या मायेपोटी तोडले, हेही खोटेच. आपण दोघांनाही सोडले होते. तिच्या पोराची फी कोणी भरली? तिची फवारणी कोणी केली? गुन्ह्यात माणूस गेला तर त्याच्या कुटुंबाला भरपाई मिळण्याची सरकारी योजना आहे, अर्ज त्याच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करायचा असतो, हे तिलाही कोणी सांगितले नव्हते. म्हणून माझे म्हणणे असे, की जेलची वाट धरण्याआधी या घराची वाट धरावी. आधी तिथे, मग इथे. तिने माफ करावे असे कोणी सुचवू नये. तो तिचा अधिकार आहे. आपण फक्त आपले काम करावे.

या बैठकीत ठरवा

भाषणे पुष्कळ झाली. कामाचे बोलू.

एक. प्रत्येक गावाच्या शाखेने पाहावे, गावचा कोण आत आहे. वर्ध्याच्या जिल्हा कारागृहात असेल, नागपूरला, अमरावतीला किंवा मोर्शीच्या खुल्या कारागृहात असेल. वर्ध्याहून नागपूरला बाजाराला जाताना आपण वर्धा रोडवरच्या त्या भिंतीजवळून कितीदा गेलो असू. आत आपल्या गावचा कोणी आहे का, हे कधी विचारले नाही.

दोन. महिन्याला एक पत्र. पाळी ठरवून घ्या. पत्र तपासले जाते, म्हणून खटल्याचे आणि भांडणाचे लिहू नका. पाऊस कधी आला, पऱ्हाटी किती बोंडांवर आहे, सोयाबीनला काय भाव लागला, कोणाची गाय व्याली, पोळ्याला कोणाची जोडी उठून दिसली, शाळेत पोरगी कितवी आली, हे लिहा. कोणी वारले तर आठ दिवसांच्या आत कळवा. चहाच्या एका कपापेक्षा कार्ड महाग नाही.

तीन. भेट. बायकोसोबत गावचा एक माणूस जावा. 2023 पासून बायांना एसटीचे तिकीट अर्धे आहे. उरलेले अर्धे शाखेला जड नाही. एकटी बाई त्या रांगेत उभी राहते आणि गावची बाई गावकऱ्यासोबत उभी राहते, यात फार फरक आहे.

चार. रजा. संचित रजा म्हणजे फर्लो आणि अभिवचन रजा म्हणजे पॅरोल. अर्ज केला की पोलीस गावात चौकशीला येतात. जामीन राहायला माणूस लागतो. त्या दिवशी पारावरचे सगळे उठून गेले, तर रजा तिथेच मरते. दोन्ही घरांना विचारून, वातावरण पाहून, पण खरे तेच सांगा.

पाच. दोन्ही घरांची वावरे पडीक राहू देऊ नका. एका दिवसाची डवरणी सगळ्या गावाला जड नाही.

सहा, आणि हे सर्वांत महत्त्वाचे. आता ज्या धुऱ्यांवर कुरबुर चालू आहे, ते धुरे मृगाआधी पाहा. सरकारी मोजणी येईल तेव्हा येईल. तोवर चार जाणत्यांनी दोघांना घेऊन खुंट ठोकावे आणि कागदावर सह्या घ्याव्यात. आमच्या गावात 2015 च्या उन्हाळ्यात हे भांडण सगळ्यांना माहीत होते. मलाही माहीत होते. मी दोघांनाही म्हणालो होतो, "पेरणी झाल्यावर पाहू."

त्याला मी आता महिन्याला एक पत्र लिहितो. पांदणीवरची बाभूळ मी जाऊन पाहिली; ती नाही. रस्ता रुंद करताना तोडली. हे त्याला पहिल्याच पत्रात खरे खरे लिहिले, आणि वावर पडीक आहे हेही लिहिले. उत्तर आले. बाभळीबद्दल एक अक्षर नव्हते. लिहिले होते की पडीक वावराला आधी उभी-आडवी वखरणी द्या, कुंदा फार माजला असेल, आणि खालच्या बांधाला पाणी साचते तिकडून चर काढा. पानभर नुसत्या सूचना. सात वर्षांनी त्याने पुन्हा कास्तकारी केली होती, कागदावर का होईना.

मागच्या हंगामात आम्ही आठ जणांनी ते वावर वखरले. तूर पेरली. कोणती, ते त्याला कळवले आहे.